मक्याचें माहेर



कुंडलिकेच्या कांठच्या नव्या जालन्यांत मक्याचें पोतें पाहून तें परदेशचें धान्य आहे, असें कोणास वाटेल? परंतु मका आणि मिरची या दोघींचें माहेर मेक्सिको होय. पोर्तुगीजांच्या गलबतांतून मिरची आली, तोंवर आपल्या पूर्वजांचें तिखट मिऱ्यांचेंच होतें.

मेक्सिकोंतील बाल्सास नदीच्या खोऱ्यांत सुमारें ९००० वर्षांपूर्वीं शेतकऱ्यांनीं ‘तेओसिंते’ नांवाच्या रानगवतापासून मका घडविला. तेथील गृहिणी मका चुन्याच्या पाण्यांत शिजवून वाटतात व त्याची ‘तोर्तिया’ नांवाची पातळ भाकरी भाजतात. चुन्यामुळें मक्यांतील एक जीवनसत्त्व अंगीं लागतें. युरोपनें मका नेला, पण ही रीत नेली नाहीं. म्हणून केवळ मक्यावर जगणाऱ्या इटलीच्या गरिबांना ‘पेलाग्रा’ हा भयंकर रोग जडला.

याच देशांत १९२४ सालीं एक मराठी गृहस्थ येऊन पोंचले. १८८४ सालीं वर्ध्यास जन्मलेले हे पांडुरंग सदाशिव खानखोजे गदर चळवळीचे एक संस्थापक. इंग्रज सरकारच्या रोषामुळें त्यांस मायदेशाची वाट बंद होती. मेक्सिकोंत १९१० सालीं पेटलेल्या क्रांतीनंतर चापिंगो येथील मोठ्या जहागिरीच्या जागीं राष्ट्रीय कृषि विद्यालय आलें होतें. भूमीला राबवावें, माणसाला नव्हे, अशा आशयाचें त्याचें ब्रीद. तेथें खानखोजे अध्यापक झाले. त्यांनीं मक्याचा व तेओसिंतेचा संकर केला आणि शेतकऱ्यांसाठीं मोफत शेतकी शाळा काढल्या. विख्यात चित्रकार दिएगो रिवेरा यांनीं शिक्षण खात्याच्या भिंतीवर भाकरी वांटणारा पुरुष रंगविला, त्यास चेहरा दिला तो खानखोजे यांचा! परक्यांस भाकरी देणारा हा पुरुष १९५५ सालीं स्वदेशीं परतला व १९६७ सालीं नागपुरास निवर्तला.

आज जालना बियाण्यांसाठीं प्रसिद्ध आहे. येथें १९६४ सालीं बद्रीनारायण बारवाले यांनीं बियाण्यांची कंपनी काढली. १९९८ सालीं त्यांस जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. संकरित बियाण्यानें पीक वाढलें, हें खरें. परंतु तें दरवर्षीं विकत घ्यावें लागतें. मेक्सिकोच्या डोंगराळ मुलुखांतील अनेक शेतकरी अद्यापि निवडक कणसें पुढील पेरणीसाठीं राखून ठेवतात, आणि नवें वाण घडवितांना शास्त्रज्ञांस या जुन्या वाणांकडेच वळावें लागतें. तेव्हां नवें अवश्य पेरावें. मात्र घरच्या बियाण्याचीं गाडगीं रिकामीं होऊं देऊं नयेत, एवढें मक्याच्या माहेराकडून शिकण्याजोगें आहे.