पितृभूमीत आणि मातृभूमीत : निवृत्तीनंतरची सेवा
(सिनेगॉगच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात ज्येष्ठ मंडळातर्फे केलेले भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशी ज्येष्ठ मंडळाला चार शब्द बोलू दिल्याबद्दल आम्ही व्यवस्थापक मंडळाचे आभारी आहोत. आम्हांला विषय दिला आहे, निवृत्तांसाठी स्वयंसेवेचे मार्ग. विषय ऐकताच आमच्यातील एक भगिनी म्हणाल्या, "जन्मभर बिनपगारीच काम केले, आता आणखी कसली स्वयंसेवा?" त्यांचे म्हणणे काही खोटे नाही. तरीसुद्धा आज बोलायचे आम्ही ठरवले, त्याला कारण घडले आहे. ते आधी सांगतो. सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

आपल्यातलेच एक वृद्ध गृहस्थ, एकटे राहणारे, रोज सकाळी तेफिल्लाला येत. दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात ते यायचे बंद झाले. त्या आठवड्यात दहा माणसे रोज भरत होती, मिन्यान अडत नव्हते, म्हणून कोणी चौकशी केली नाही. मिन्यान अडले असते तर पहिल्याच दिवशी कोणीतरी त्यांचे दार ठोठावले असते. नवव्या दिवशी इस्पितळातून एका सोशल वर्कर बाईंचा सिनेगॉगच्या फोनवर निरोप आला की, तुमच्यात हिंदी बोलणारे कोणी आहे का? आम्ही दोघे-तिघे गेलो. बाबांचे खुब्याचे हाड मोडले होते, शस्त्रक्रियाही झाली होती. नर्स म्हणाली, यांचे डोके ठिकाणावर नाही, सारखे काहीतरी बडबडतात, जेवत नाहीत. बाबा आमच्याकडे पाहून मराठीत म्हणाले, "अरे, माझा चष्मा कुठे आहे?" चष्मा पडला त्या वेळी घरीच राहिला होता. नऊ दिवस त्यांना समोरचे माणूस धड दिसत नव्हते. चाळीस वर्षे कारखान्यात हिब्रू बोललेला हा माणूस दुखण्यात हिब्रू विसरला आणि फक्त चष्मा आणि पेज मागत होता. चष्मा नेऊन दिला, घरून तांदळाची पेज नेली, आणि दुसऱ्या दिवशी डोके ठिकाणावर आले!

बंधुभगिनींनो, हे उद्या आपल्यापैकी कोणाचेही होईल. म्हातारपणी मागाहून शिकलेली भाषा आधी जाते, आईची भाषा शेवटपर्यंत राहते. आपली मुले हुशार आहेत, सैन्यात गेली, शिकली, पण त्यांतील किती जणांना "पाठीला रग लागली आहे" हे वाक्य कळेल? नातवंडांचे तर विचारूच नका. म्हणजे मराठी बोलणाऱ्या आजाऱ्याजवळ जाऊन बसायचे काम करू शकणारी माणसे आज या सभागृहात बसली आहेत, आणि ती साठीच्या पुढची आहेत. हे काम पुढच्या पिढीवर सोपवता येण्यासारखे नाही.

त्या प्रसंगानंतर आम्ही एक साधी गोष्ट सुरू केली. दर शुक्रवारी सकाळी, शाब्बाथचा स्वयंपाक चढवण्याआधी, आमच्यातील प्रत्येक जण पाच घरी फोन करतो. फोन उचलला नाही तर दुपारपर्यंत कोणीतरी जाऊन येते. यासाठी गुडघे चांगले असावे लागत नाहीत. अंथरुणाला खिळलेल्या आमच्या एक मामी सर्वांत नियमित फोन करतात, आणि खरे सांगायचे तर गावातल्या सर्व बातम्याही आम्हांला त्यांच्याचकडून कळतात. बेत आवोतमध्ये जाऊन बसणारी मंडळी वेगळी. तेथे जाताना खाऊ नेण्यापूर्वी नर्सला विचारावे. चिकाचा हलवा प्रेमाने नेला आणि आजींना मधुमेह निघाला, असे आमच्या हातून झालेले आहे.

आता गावाबाहेरच्या संस्थांकडे वळतो. याद सारा हे नाव सर्वांना ठाऊक आहे. 1976 साली जेरुसलेममध्ये उरी लुपोलियान्स्की यांनी शेजाऱ्यांना वाफारा घेण्याचे यंत्र उसने देण्यापासून हे काम सुरू केले. आज देशभर शंभराहून अधिक शाखांतून चाकाच्या खुर्च्या, वॉकर, कुबड्या, ऑक्सिजनची यंत्रे उसनी मिळतात. पण खुर्ची परत येते तेव्हा तिचे चाक वाकडे असते, ब्रेक सैल असतो. ती दुरुस्त करून पुन्हा देणारे बहुतेक हात निवृत्तांचे असतात. आपल्यात परळ-माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये आणि येथे आल्यावर विमानांच्या कारखान्यात फिटर म्हणून काम केलेली माणसे आहेत. त्यांनी घरी बसून टीव्हीवरच्या पुढाऱ्यांना शिव्या देण्यापेक्षा आठवड्यातून एक सकाळ पाना हातात धरावा. भगिनींपैकी ज्यांना हिशेब ठेवता येतो त्यांना खिडकीवर बसून नोंदी करता येतात.

बित्तुआह लेउमीच्या कचेरीत वृद्धांना सल्ला देण्याची एक सेवा आहे, आणि तेथे सल्ला देणारे स्वतःच निवृत्त स्वयंसेवक असतात. फॉर्म भरताना आपल्या लोकांची जी त्रेधा उडते ती पाहिली म्हणजे आपल्यातील दोन माणसे तेथे असायलाच हवीत असे वाटते. आणि एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. कोणत्याही मान्य संस्थेतर्फे स्वयंसेवा करायची असेल तर आधी त्यांच्याकडून लेखी पत्र घ्या. अशा रीतीने नेमलेल्या स्वयंसेवकाला काम करताना इजा झाली तर बित्तुआह लेउमीच्या कायद्याने त्याला संरक्षण आहे. नुसते "या, मदत करा" म्हटले म्हणून गेलात आणि पाय घसरला तर ते सिद्ध करता करता नाकी नऊ येतात.

ऑक्टोबर 2023 नंतरचे दिवस आपण विसरलेलो नाही. थायलंडचे बरेच मजूर मायदेशी परतले, पिके शेतात उभी राहिली, आणि देशभरातून माणसे शेतावर धावली. आमच्यातील काही जण दक्षिणेकडील एका मोशावमध्ये गेले. पहिल्या दिवशी आमचे वय पाहून तेथील तरुण मुलगा घाबरला. मग त्याने सावलीत खुर्च्या मांडल्या आणि टोमॅटो निवडायला दिले. टोमॅटो निवडणे आपल्या बायकांना कोणी शिकवायला नको. त्या मुलालाच दुसऱ्या दिवशी बोलणी खावी लागली की, पेट्या अशा भरतात का! हे काम पुढेही करता येते. 2003 साली सुरू झालेली लेकेत इस्राएल ही संस्था शेतात उरलेला माल गोळा करून गरजूंना पोहोचवते. रूथने बवाजच्या शेतात सरवा वेचला, तोच हा सरवा. फक्त येथे तो दुसऱ्यासाठी वेचायचा आहे.

आता मातृभूमीकडे. भारतात आपला समाज आता पाच हजारांच्या आतबाहेर उरला आहे, आणि त्यातील बहुतेक मुंबई-ठाणे भागात. अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल येथे सिनेगॉग उभे आहेत, पण घरे थोडी. नवगावच्या जुन्या दफनभूमीपासून कोकणात ठिकठिकाणी आपल्या पूर्वजांच्या कबरी आहेत. दगडांवरची अक्षरे पावसाने दरवर्षी थोडी थोडी जातात. हिब्रू आणि मराठी दोन्ही वाचणारे लोक तेथे कमी, आणि येथील आपल्या मुलांना मराठी वाचता येत नाही. आपल्याला दोन्ही येतात. मुलाच्या लग्नाला किंवा भाच्याच्या घरी जाणार असाल, तर त्यातले चार दिवस वही आणि कॅमेरा घेऊन गावच्या कबरस्तानात घालवा. दगडावर खडू किंवा चुना घासू नका, त्याने अक्षर खराब होते. सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढला की पुसट अक्षरही उठून दिसते.

व्यवहाराच्या दोन गोष्टी. जायचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सत्तरीनंतर प्रवासाचा विमा महाग पडतो, तरी घ्यावाच, आणि त्यात एकही आजार लपवू नये. आमच्यातील एकाने रक्तदाब लपवला आणि मुंबईच्या इस्पितळाचे सगळे बिल मुलाने भरले.

आपल्या समाजाला ही गोष्ट नवी नाही. डॉ. जेरूशा झिराड 1947 साली मुंबईच्या कामा हॉस्पिटलमधून निवृत्त झाल्या, आणि 1950 साली भारतातील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. तेव्हा त्यांचे वय साठीच्या घरात होते. आपण डॉक्टर नाही हे खरे. पण चष्मा नेऊन देण्यास डॉक्टर व्हावे लागत नाही.

ते बाबा गेल्या पेसाहच्या आधी वारले. शेवटचे वर्षभर दर मंगळवारी आमच्यातील कोणी ना कोणी त्यांच्याजवळ बसत असे. ते पत्ते खेळत आणि लबाडी करत.

जेवणाच्या टेबलाशेजारी एक निळी वही ठेवली आहे. नाव, फोन नंबर, आणि आठवड्यातील कोणती सकाळ मोकळी आहे एवढेच लिहायचे. पहिल्या पानावर आतापर्यंत सात नावे आहेत, त्यांतील तीन ऐंशीच्या पुढची. पेन दोऱ्याने बांधले आहे, कृपया घेऊन जाऊ नये.