मेनफ्रेमवरील लिनक्स आणि काटकसरीचे शास्त्र
(वसंत व्याख्यानमाला, बार्शी)

मेनफ्रेमवर चालणारी लिनक्सची आभासी यंत्रे संथ पडली की त्यांना आणखी मेमरी द्यावी, हा रूढ उपाय बहुतेक वेळा मूळ दुखण्याहून महाग पडतो, हे या व्याख्यानाचे प्रतिपादन आहे. मेनफ्रेम म्हणजे बँका व विमा कंपन्यांचे व्यवहार अखंड सांभाळणारा मोठा संगणक. आयबीएमने १९७२ साली त्यासाठी व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली आणि तिच्याच वंशातील झेड/व्हीएम आज एका संगणकात शेकडो स्वतंत्र यंत्रे भासवते, हा इतिहास श्रोत्यांना ठाऊक असल्याचे गृहीत धरून येथे बाजूला ठेवला आहे. (मागच्या रांगेतून ‘नाही, नाही!’, हशा.)

मोकळी मेमरी दिसली की लिनक्स ती वाचलेल्या फाइलींच्या प्रती जपण्यासाठी, म्हणजे पेज कॅशसाठी, वापरून टाकते. स्वतंत्र यंत्रावर हा गुण ठरतो. परंतु खरी मेमरी सामायिक असताना सर्वच यंत्रांनी हे केले, तर झेड/व्हीएमला त्यांची पाने, म्हणजे मेमरीचे तुकडे, डिस्कवर हलवावी लागतात; यालाच पेजिंग म्हणतात. त्याहून वाईट अवस्था दुहेरी पेजिंगची असून, तीत झेड/व्हीएमने आधीच डिस्कवर टाकलेले पान लिनक्सला स्वतःच्या स्वॅपमध्ये, म्हणजे मेमरीतील पाने उतरवण्यासाठी राखलेल्या डिस्कवर, टाकावेसे वाटते आणि ते पान मेमरीत परत आणले जाते, ते केवळ दुसऱ्या डिस्कवर लिहिण्यासाठी. म्हणून ऐन गर्दीच्या वेळी स्वॅप जेमतेम हलू लागेपर्यंत यंत्राची मेमरी उतरवत न्यावी आणि स्वॅपसाठी व्हीडिस्क, म्हणजे मेमरीतच भासवलेली डिस्क, जोडावी, कारण तिची पाने वापरात येईपर्यंत ती जागा खात नाही. लहान व्हीडिस्कला वरचा आणि मोठीला खालचा प्राधान्यक्रम दिल्यास लहान भरल्याखेरीज मोठीला हात लागत नाही. मोठीत काही साठू लागले, तर मेमरी फाजील उतरवली गेली हे उघड होते.

मर्यादा आधी ठरवून मागाहून रचना करण्याचा देखणा दाखला बार्शीकरांच्या दारातच आहे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या अभियंत्याने १८९७ साली सुरू केलेल्या बार्शी लाइट रेल्वेचा मार्ग अडीच फुटी होता, हे येथे सर्वांना माहीत असते, परंतु तिची खरी करामत रुंदीत नसून भारात होती. कोणत्याही आसावर ५ टनांहून अधिक भार येऊ नये असे ठरवून इंजिन आणि डबे दोन्ही त्या मापात बसवले गेले, इंजिनाचे वजन अनेक आसांवर वाटले गेले आणि त्यामुळेच हलके रूळ पुरले. बार्शी रोडपासून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून, निघालेला हा मार्ग पुढे पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत पोहोचला, १९५४ साली सरकारजमा झाला, आणि त्या गाडीच्या वेगाविषयी सभागृहात जे विनोद झाले ते छापण्याजोगे नाहीत. (हशा.) वेग हा त्या मार्गाचा हेतूच नव्हता, हे मात्र ठामपणे नोंदवले पाहिजे.

जावा या संगणकीय भाषेतील कामांना मेमरी कमी पडली तर काय, हा मध्येच आलेला प्रश्न रास्त होता. जावाचा हीप, म्हणजे तिने राखून ठेवलेली जागा, साफसफाईच्या वेळी सगळा चाळला जात असल्याने त्याखाली मेमरी उतरवू नये. तथापि अपवादाने नियम मोडत नाही.

(येथे अध्यक्षांची चिठ्ठी आली.) प्रोसेसरविषयी थोडक्यात असे, की यंत्राला मिळणारा ‘शेअर’, म्हणजे प्रोसेसरच्या वेळेतील वाटा, त्याच्या सर्व आभासी प्रोसेसरांत विभागला जातो, त्यामुळे शेअर न वाढवता प्रोसेसर वाढवले तर प्रत्येकाच्या वाट्याला कमी येते. लिनक्सच्या ‘टॉप’ या आज्ञेत ‘एसटी’ नावाचा आकडा दिसतो, तो आभासी प्रोसेसर तयार असूनही खरा प्रोसेसर न मिळाल्याने गेलेला वेळ दाखवतो; एसटीची वाट पाहण्याचा अनुभव असलेल्या सभेला याहून अधिक खुलासा लागला नाही. (प्रचंड हशा.) डिस्कचा भाग वेळेअभावी गळाला, तरी झेड/व्हीएमच्या पेजिंगसाठी एकच मोठी डिस्क न देता सारख्या आकाराच्या अनेक डिस्क द्याव्यात आणि कोणताही बदल केल्यावर मोजणी महिनाअखेरच्या गर्दीत करावी, रविवारी नव्हे.