फलटण ते वासोटा : पायी, कॅमेऱ्यासह
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



दरवर्षी माउलींची पालखी आपल्या फलटणात मुक्कामाला येते. त्यामुळे "एवढं चालायचं कशाला?" असं इथं मला कुणी विचारत नाही. "एवढे फोटो कशाला?" हे मात्र पुष्कळांनी विचारलं. त्याचंच उत्तर आज देतो.

आम्ही चौघे फलटणहून वासोट्यापर्यंत वर्षभरात टप्प्याटप्प्यानं चाललो. ताथवड्याचा संतोषगड, वारुगड, सातारा, कास, बामणोली. तिथून वनखात्याची परवानगी घेऊन बोटीनं शिवसागर ओलांडला की कोयना अभयारण्य. जिल्हा एकच, पण फलटणला वर्षाला सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस, तर महाबळेश्वरला ५,००० च्या वर. उतरत्या उन्हात कुसळी गवताचा माळ, मग कातळाचे सडे, शेवटी दिवसाही अंधारलेलं जंगल. हे सगळं फोटोंत ओळीनं दिसतं.

कासची फुलं सगळ्यांना ठाऊक आहेत. २०१२ साली कास आणि कोयना पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेले. पण साताऱ्याचं नाव मिरवणारे दोन जीव फारसे कुणाला माहीत नाहीत. एक वायतुरा; पाण्यातल्या या वनस्पतीला १९८२ साली 'अपोनोजेटन सातारेन्सिस' हे शास्त्रीय नाव मिळालं. दुसरी चाळकेवाडीच्या सड्यावरची एक पाल. वरद गिरी आणि आरॉन बाऊर यांनी २००८ साली तिचं वर्णन करून तिलाही साताऱ्याचंच नाव दिलं. ज्याला आपण नुसता कातळ म्हणतो, तिथं ती राहत होती.

आता आपल्या माळाकडे या. सरकारी कागदावर तो बहुधा 'पडीक'. प्रत्यक्षात तिथं धाविक पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतो, माळटिटवी वावरते, चंडोल गातो. असा माळ नांगरला किंवा त्यावर दाट झाडं लावली, तरी कुणी हळहळत नाही; कारण आधी तिथं काय होतं, याचा पुरावाच नसतो. आमचे फोटो म्हणजे तो पुरावा.

म्हणून आम्ही काही शिस्त पाळली. प्रत्येक ठिकाणी आधी परिसराचा फोटो, मग झाडाचा, मग पान, खोड आणि फूल वेगवेगळं. नुसत्या फुलावरून अभ्यासकाला ओळख पटवणं अवघड जातं. तारीख आणि जागा वहीत लिहायची. सड्यावर आडवं पडून फोटो काढायचा नाही, अंगाखाली रोपं चिरडतात. घरट्याजवळ थांबायचं नाही आणि दुर्मीळ जीवाची नेमकी जागा फोनवरच्या गटात टाकायची नाही.

मित्रांनो, वासोटा सगळ्यांना झेपेल असं नाही. आपले गुडघे आता दहावीतले राहिलेले नाहीत! पण ताथवडा जवळ आहे. आपल्या तुकडीनं तिथल्या माळावर पाच जागा ठरवाव्यात. दरवर्षी पावसाळ्यानंतर आणि उन्हाळ्यात, त्याच जागी उभं राहून, त्याच दिशेनं फोटो काढावेत. साधा फोनही चालेल. ते सगळे तारखेसह शाळेच्या ग्रंथालयात ठेवू. दहा वर्षांनी एखाद्या विद्यार्थ्यानं "इथं पूर्वी काय होतं?" असं विचारलं, तर सरांना अल्बम उघडून दाखवता येईल.

नावं आजच जेवणाआधी माझ्याकडे द्या.