दृष्टी गेल्यावर मेंदू काय करतो?

दृष्टी गेली की मेंदूतला पाहण्याचा भाग निकामी होतो, असा आपला समज असतो. रक्तप्रवाह मात्र वेगळंच सांगतो. मेंदूचा जो भाग कामाला लागतो, तिथला रक्तपुरवठा वाढतो आणि पेट स्कॅनमध्ये तो टिपता येतो. १९९६ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी लहानपणीच दृष्टी गेलेल्यांना ब्रेल वाचायला दिलं, तेव्हा डोक्याच्या मागच्या बाजूचा हाच पाहण्याचा भाग कामात गुंतलेला दिसला.

कुणी म्हणेल, रक्त वाढलं म्हणून तो भाग वाचतोय हे कशावरून? शंका रास्त आहे. म्हणूनच १९९७च्या प्रयोगात चुंबकीय स्पंदांनी त्या भागात क्षणभर अडथळा आणला गेला आणि बोटांखालची अक्षरं ओळखताना चुका वाढल्या. डोळस व्यक्तींच्या स्पर्शज्ञानावर तसा परिणाम झाला नाही. तेव्हा नुसतं स्कॅन पुरेसं नाही; पण नेमकं कुठे तपासायचं, हे तेच सांगतं.