यादी झाली, छपराचं काय?

गिरगावातल्या आमच्या जुन्या घराचा लाकडी जिना खचला, तेव्हा वारसा यादी म्हणजे काय ते मला कळलं. मुंबईसाठी वारसा नियमावली १९९५ साली लागू झाली. इमारतींच्या तीन श्रेणी ठरल्या, समिती नेमली गेली. वास्तुतज्ज्ञ, अभियंते, इतिहासाचे जाणकार तिच्यात असतात. समिती सल्ला देते, परवानगी महापालिका आयुक्तांची. त्यामुळे सरसकट पाडापाडीला आळा बसला, हे मान्यच. पण यादीत नाव चढलं म्हणून छप्पर गळायचं थांबत नाही. समिती काय बदलू नये ते सांगते; दुरुस्तीचे पैसे देत नाही. आमचा जिना आम्ही बिऱ्हाडकरूंनी वर्गणी काढून सावरला. इतर शहरांनी अशी समिती जरूर नेमावी, मात्र त्याच ठरावात दुरुस्तीनिधीचीही तरतूद करावी.