व्यायामशिक्षकाचे प्रमाणपत्र : निवडीपूर्वीचा विचार

(संस्थेच्या वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘औषधे वेळेवर घ्या आणि व्यायाम करा’ असे सांगून आम्ही डॉक्टर मंडळी रुग्णाला घरी पाठवतो. परंतु तो व्यायाम शिकवणार कोण, हा प्रश्न बहुधा तसाच राहतो. कर्जत, नेरळ, खोपोली येथे आज व्यायामशाळा आहेत आणि आपल्या भागातील अनेक तरुण-तरुणी तेथे शिक्षक होऊ पाहत आहेत. त्यांच्या हाती आपली माणसे सोपवायची आहेत, म्हणून हा विषय आज मांडत आहे.

खालापूर तालुक्यातील एक तरुण आपल्या मधुमेही आईला घेऊन तपासणीस आला होता. ‘कोणते प्रमाणपत्र घेतले म्हणजे लवकर नोकरी लागेल?’ असे त्याने विचारले. मी म्हटले, ‘उद्या तुझी आईच व्यायामशाळेत आली, तर तिला आधी काय विचारशील?’ तो निरुत्तर झाला.

डॉक्टरांना अथवा परिचारिकांना असते तशी सक्तीची नोंदणी व्यायामशिक्षकाला नाही. त्यामुळे दोन दिवसांत मिळणारा कागद आणि अनेक महिन्यांच्या अभ्यासाचे फळ भिंतीवर सारखेच दिसतात. मार्ग अनेक आहेत. पतियाळा येथील राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ सालची. तिचा सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम विशिष्ट खेळाच्या मार्गदर्शकासाठी आहे. राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा २०१३ साली आला. त्याखाली ‘फिटनेस ट्रेनर’ ही पात्रता मिळवता येते. अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइजसारख्या परदेशी संस्थांची प्रमाणपत्रे महाग पडतात; पण तेथे हृदय-श्वसन पुनरुज्जीवनाचे प्रशिक्षण आवश्यक असते आणि दर दोन वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. योगाकडे ओढा असेल, तर बोरघाट चढून गेल्यावर लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली स्थापन केलेले कैवल्यधाम आहे.

यांपैकी कोणताही मार्ग निवडा. शुल्क भरण्यापूर्वी मात्र चार गोष्टी विचारा. परीक्षा शिकवणाराच घेतो, की दुसरे कोणी? प्रत्यक्ष माणसाला व्यायाम शिकवून दाखवावा लागतो का? छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब कसे द्यावेत, हे हाताने करून घेतात का? आणि रुग्णाला डॉक्टरांकडे केव्हा परत पाठवावे, हे शिकवतात का? माझ्या मते चौथा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. छातीत दुखणे, चक्कर येणे, रक्तदाब, सांध्यांचे दुखणे, चालू औषधे यांविषयी व्यायामापूर्वी विचारावयाची सात प्रश्नांची एक साधी प्रश्नावली जगभर वापरली जाते. ती भरून घेण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत. ती न भरल्याची किंमत मात्र फार मोठी असू शकते.

त्या तरुणाने घरी जाऊन तेच प्रश्न आईला विचारले. तळपायांना मुंग्या येतात आणि चटका बसलेला कळत नाही, ही आम्हालाही न सांगितलेली गोष्ट तिने मुलाला सांगितली. अशा पायांनी अनवाणी चालणे धोक्याचे असते. पुढच्या तपासणीत आम्ही तिचे पाय पाहिले, योग्य पादत्राणे सुचवली आणि मगच चालण्याचा व्यायाम ठरवला. मुलाने प्रमाणपत्र अद्याप घेतलेले नाही. कोणते घ्यावे हे मात्र आता त्याला विचारावे लागत नाही.

नातेवाइकांना विनंती की, जो शिक्षक तुमच्या रुग्णाला काहीच न विचारता वजन उचलायला लावतो, त्याच्याकडे कितीही प्रमाणपत्रे असली तरी दुसरा शोधावा. देणगीदारांना विनंती की, आपल्या वाड्या-पाड्यांतील एखाद्या होतकरू मुलाचे वा मुलीचे चांगल्या अभ्यासक्रमाचे शुल्क आपण उचलावे. रुग्णालयातील खाटेइतकेच ते दानही रुग्णाच्या उपयोगी पडेल.