ऐकणाऱ्याचं उत्तर



गावच्या मंडपात नाटक करण्यात आणि रेडिओच्या माईकसमोर बसण्यात माझी उमर गेली. अशा माणसाला तुम्ही दीक्षान्त भाषणाला बोलावलंत. पुण्या-मुंबईत पगाराची नोकरी कशी गाठायची ते सांगणारे पुष्कळ भेटतील. मला ठाऊक आहे ते एवढंच, की बागलाणात राहून कलेचं काम करता येतं. त्याबद्दलच बोलतो.

१९५६ साली फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान पुणे आकाशवाणीवर युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग झाला. पुणे, अहमदनगर, उत्तर सातारा, कोल्हापूर आणि आपला नाशिक, अशा पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची मंडळं बसवली गेली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम. मंडळाने एकत्र बसून तो ऐकायचा, मग त्यावर बोलायचं, वाद घालायचा, आणि आपल्या शंका, आपले अनुभव लिहून पुण्याला कळवायचे. पुढे रेडिओवरून त्यांना उत्तरं मिळायची. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पॉल न्यूरथ यांनी या प्रयोगाची पाहणी केली. मंडळं होती त्या गावांत लोकांची माहिती झपाट्याने वाढली. ज्या गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हतं, तिथे फारसा फरक पडला नाही. आवाज दोन्हीकडे तोच होता. एकीकडे ऐकणाऱ्याला उलट बोलायची सोय होती, दुसरीकडे नव्हती.

माझ्या सगळ्या कामाचा पाया मला या प्रयोगात सापडतो. आपल्या भागातला प्रेक्षक गप्प बसून नाटक पाहतच नाही. बाजार समितीच्या आवारात पथनाट्यात कांद्याचा लिलाव दाखवा. ट्रॅक्टरवर बसलेला शेतकरी मध्येच ओरडतो, ‘‘भाऊ, जोरमा बोल!’’ दुसरा सांगतो, व्यापारी असा बोली लावत नाही, असा लावतो, आणि करूनही दाखवतो. शहरातल्या नाट्यगृहात याला व्यत्यय म्हणतात. मी याला तालीम म्हणतो. जो प्रेक्षक तुम्हाला, तुमच्या बापाला, तुमच्या शेताच्या बांधाला ओळखतो, त्याच्यासमोर खोटा अभिनय एक मिनिटही टिकत नाही.

ही सवय त्याला कुठून आली? आपल्या जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या आदिवासी गावांत बोहाडा होतो. देवांचे आणि राक्षसांचे मुखवटे चढवून रात्ररात्र सोंगं नाचतात. नाचणारे गावचे, पाहणारे गावचे. आपल्याच तालुक्यात मुल्हेरला कोजागरीच्या रात्री उद्धव महाराजांच्या समाधीपाशी रास होतो, पहाटेपर्यंत पदं चालतात. गाणारा कोण आणि ऐकणारा कोण, हे तिथे वेगळं काढता येत नाही. नाट्यशिक्षण घ्यायला दूर जाणाऱ्या मुलांना माझं सांगणं असतं, जरूर जा. पण त्याआधी एक रात्र मुल्हेरला जागून काढा.

आता पोटाचा प्रश्न. मागे बसलेल्या पालकांच्या मनात तोच आहे, आणि तो रास्त आहे. गावच्या रंगमंचावर घर चालत नाही. पण वसंत कानेटकर नाशिकच्या महाविद्यालयात शिकवत होते, आणि नाटकं लिहीत होते. व्यंकटेश माडगूळकरांनी पुणे आकाशवाणीवर ग्रामीण विभागात वर्षानुवर्षं नोकरी केली. खेड्यातल्या माणसाचं बोलणं त्यांनी कथांत आणलं तसं कार्यक्रमांतही. पुढे चित्रपटांतून घराघरांत पोचलेले जयराम कुलकर्णीही तिथलेच. मुंबई केंद्रावरच्या श्रुतिकांत प्रभाकरपंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी यांचा संसार प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर यांनी उभा केला. नेपथ्य नाही, रंगभूषा नाही, तीन आवाज फक्त. आणि महाराष्ट्राला ती माणसं शेजारची वाटत. नोकरी करा, शेती करा, दुकान टाका. संध्याकाळ मात्र कुणाला विकू नका.

भाषेबद्दल मला कळकळीने बोलायचं आहे. २०११ च्या जनगणनेत खानदेशी बोलणारे साडेअठरा लाखांहून जास्त नोंदले गेले. त्यांतले बहुतेक अहिराणीचे. आपल्या घरात हीच बोली आहे. पण वर्गात आलं की ती दाराबाहेर ठेवायची, असं आपल्याला न सांगता शिकवलं जातं. माईकसमोर आणलेल्या मुलीचा आवाज प्रमाण मराठीत अवघडतो, आणि ‘तुझ्या आजीशी बोलतेस तसं बोल’ म्हटलं की मोकळा होतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे. त्या मोकळ्या आवाजाला ऐकणारा उत्तर देतो. अवघडलेल्या आवाजासमोर तो मान डोलावतो आणि उठून जातो.

आणि माईक आता पुण्या-मुंबईचाच हवा असं राहिलेलं नाही. शिक्षणसंस्थांना सामुदायिक रेडिओ चालवायची परवानगी आधीच मिळाली होती. २००६ च्या धोरणाने ती सामाजिक संस्थांनाही मिळाली. शंभर वॅटचं प्रक्षेपण, दहा-बारा किलोमीटरचा टापू, आणि निम्मे तरी कार्यक्रम तिथल्याच लोकांच्या सहभागातून झालेले हवेत, अशी अट. म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी २००८ पासून चालते. नाशिकच्या रेडिओ विश्वासने २०२० मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा जिल्हा परिषदेच्या शिक्षकांचे पाठ ध्वनिमुद्रित करून मुलांना ऐकवले. ज्या घरात स्मार्टफोन नव्हता, तिथे तो आवाज पोचला. पण नाशिकचं ते केंद्र आपल्या सटाण्यात लागत नाही, आणि लागलं तरी आपल्या डाळिंबावरचा तेल्या रोग, आपल्या आरम नदीचं पाणी, आपल्या देवमामलेदारांची यात्रा याबद्दल आपणच बोलायला हवं.

अशा केंद्रासाठी हे महाविद्यालय अर्ज करू शकतं. प्राचार्यांसमोर मी ही मागणी आज जाहीरपणे ठेवतो. परवाना मिळेपर्यंत थांबायचं कारण नाही. मोबाइलवर आवाज मुद्रित करायला लागा: बोहाड्यातली सोंगं नाचवणारी म्हातारी माणसं, जात्यावरची गाणी येणाऱ्या आज्या, लिलाव पुकारणारे, बस कंडक्टर. मुद्रण झालं की ते त्यांनाच ऐकवा आणि ते काय दुरुस्त्या सांगतात तेही मुद्रित करा. गटाने काम करणार असाल, तर कार्यक्रम संपल्यावर रंगमंचाच्या डावीकडे या, नावं लिहून घेतो. पहिली बैठक येत्या रविवारीच घेऊ.